अण्णांसाठी काय मागायचं

पपांची प्रार्थना सुरू झाली की आई भाकऱ्यांवर फडकं टाकायची, कारण त्या निवणार हे ठरलेलं असायचं. देवाला सगळं बैजवार सांगायची पपांना सवय होती. ‘आजाऱ्यांना बरं कर’ एवढ्यावर त्यांचं भागत नसे. कोण आजारी, कुठल्या वॉर्डात, खिडकीकडच्या खाटेवर की दाराकडच्या, डॉक्टर काय म्हणाले, आणि त्या डॉक्टरांच्या मुलीचं लग्न कुठं अडलंय, हे सगळं ते डोळे मिटून, मनापासून सांगत बसायचे. आई चेष्टेनं म्हणायची, “अहो, त्याला ठाऊक आहे सगळं. पोस्टमनसारखे पत्ते कशाला सांगता?” त्यावर पपा हसायचे. “ठाऊक असलं तरी आपल्या तोंडून ऐकायला त्याला बरं वाटतं,” असं त्यांचं म्हणणं. आईची स्वतःची प्रार्थना दोन वाक्यांची असे. एकात आभार, दुसऱ्यात मागणं, की आमेन. मी आईच्या वळणावर गेले असं सगळे म्हणायचे, आणि ते कौतुकानं म्हणायचे असं मला कधीच वाटलं नाही.

आम्ही मूळचे नगरकडचे. पपा रेल्वेत सिग्नलच्या खात्यात, आई सरकारी दवाखान्यात नर्स, म्हणून कर्जतला आलो आणि दहिवलीत दोन खोल्या आणि पुढची ओटी भाड्यानं घेऊन राहिलो. आमच्या धर्माची घरं त्या भागात अगदी थोडी होती. कुणी नेरळला, कुणी खोपोलीकडं. रविवारी संध्याकाळी ती सगळी मंडळी आमच्या ओटीवर जमायची. सतरंजी अंथरायची, चपलांची रांग पायरीपर्यंत जायची, आत चहाचं आधण चढायचं आणि मी पेटी घेऊन बसायची. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले डेविडकाका शास्त्रपाठ वाचायचे. त्यांचा आवाज असा खणखणीत, की समोरच्या घरातली म्हातारी गादीवर पडल्या पडल्या सगळं ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी आईला नळावर शंका विचारायची.

ढोलकी वाजवायला वसंतअण्णा असायचे. ते आमचे घरमालक. भाताची जमीन बाळगून असलेलं जुनं घराणं, आणि अलीकडंच नदीच्या अंगाला पोल्ट्री टाकलेली. गावच्या भजनात लहानपणापासून वाजवलेलं असल्यामुळं हात असा बसलेला, की आमची गाणी त्यांनी दोन रविवारांत उचलली. “देव कुठला का असंना, ठेका चुकला नाय पायजे,” म्हणायचे. माझी पेटी पुढं पळाली की डोळ्यांनी दटावायचे आणि नंतर पाठीवर थोपटून सांगायचे, “सुलू, घाई करू नको गं. गाणं कुटं पळून जातं?” येताना अंड्यांचा एक ट्रे घेऊन यायचे. म्हणून रविवारी रात्री आमच्याकडं अंड्याचा रस्सा ठरलेला, खोबरं भाजून वाटलेला, आणि सोबत तांदळाची पांढरी भाकरी. मला अण्णा फार आवडायचे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना वाटेल की मी पहिल्यापासूनच शहाणी होते.

आईला मात्र ते आवडत नसत. ती लसी द्यायला वाड्यावाड्यांवर फिरायची, आणि अण्णांच्या पोल्ट्रीवर राहणाऱ्या कातकरी कुटुंबाचं तान्हं मूल तिच्या यादीत होतं. पण अण्णांनी तिला गेटच्या आत कधी पाऊल टाकू दिलं नाही. “सिस्टर, भायेरच्या चपलेसंगती रोग येतो. एका दिवसात शेड आडवी व्हईल,” असं ते हात जोडून म्हणायचे. आता यात खोटं काही नव्हतं, कोंबड्यांना असे रोग लागतातच. पण बाहेरचं माणूस आत जायचं नाही याचा दुसरा अर्थ असाही होता, की आतलं माणूस बाहेर यायचं नाही. गेटला बाहेरून कुलूप असायचं आणि किल्ली अण्णांच्या कमरेला. आईनं एकदा जाळीतूनच त्या बाळाच्या मांडीला सुई टोचली होती, आणि त्याच्या आईला हळूच सांगून ठेवलं होतं, “काही लागलं तर माझ्या घरी ये. दहिवलीत, नळाच्या समोर.” पपांना हे सांगितलं तर पपा म्हणाले, “अण्णा मनाचे चांगले आहेत. त्यांच्या लक्षात येत नसेल.” आणि त्या रात्रीपासून ते अण्णांचं नाव घेऊन प्रार्थना करू लागले. आई त्या प्रार्थनेला आमेन म्हणायची नाही. ती उठून भांडी लावायला घ्यायची.

थंडीचे दिवस होते. शनिवारी दुपारी आई ड्युटीवरून येऊन नुकती टेकली होती, आणि मागच्या दाराशी कुणीतरी हाक मारली. ती जानी. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. पदरात बाळ, आणि त्या बाळाच्या छातीत असा घरघर आवाज, की तो मला ओटीपर्यंत ऐकू येत होता. कोंबड्यांना पाणी भरायचं निमित्त करून मागच्या बाजूची जाळी उचलून ती सरपटत बाहेर आली होती. कोपरं सोललेली. आईनं काही विचारलं नाही, बाळ तिच्या हातातून घेतलं आणि तशीच पायात चपला सरकवून दवाखान्यात पळाली, जानी तिच्या मागोमाग. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, औषध दिलं आणि दाखल करा म्हणाले. पण वॉर्डात अण्णांचा भाचा कामाला होता. आईनं दोघांना परत घरी आणलं, आतल्या खोलीत अंथरूण घातलं आणि स्टोव्हवर वाफेसाठी पाणी ठेवलं.

जानी बोलायला लागली ती भिंतीकडं तोंड करून. अण्णांकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तिथून हलायचं नाही; जुन्या शेडच्या टोकाला पत्र्याचा आडोसा करून त्यांना जागा दिलेली. खाली तूस, त्यात कोंबड्यांची घाण, त्याच्या वासानं रात्रभर डोळ्यांतून पाणी. “पोर व्हायच्या आदी काय वाटलं नाय, बाय. पोर झालं आन् त्याचं डोळं बगून कळलं.” खालापूरच्या पलीकडं वाडीत तिची आय वारली. निरोप गेटपर्यंत आला, पण गेट उघडलं नाही. तिचा नवरा लहू भांडायला गेला तर अण्णांनी त्याच्या थोबाडीत मारली आणि म्हणाले, मेलेलं माणूस काय तुमची वाट बघत बसलंय? हे सांगताना तिचा आवाज चढला नाही. चढला तो माझा, “आपल्या अण्णांनी?” म्हणताना. ज्या हातानं माझ्या पाठीवर थोपटलं, तोच तो हात, असं माझ्या मनात आलं. लहू अजून आतच होता. दोघंही एकदम दिसेनासे झाले असते तर लगेच कळलं असतं, म्हणून तो मागं राहिला होता.

पपा संध्याकाळी आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सोमवारी सकाळी कचेरी उघडली की जानीला घेऊन तहसीलदारांपुढं जायचं, तिचा जबाब घ्यायला लावायचा, पोलीस घेऊन लहूला बाहेर काढायचं, असं ठरलं. मध्ये फक्त रविवार होता. तोवर अण्णांना पत्ता लागला तर ते तिला परत नेणार, आणि मग ती जाळी सिमेंटमध्ये बसवली जाणार. जानी स्वतःच असं म्हणाली. उपासना रद्द केली तर संशय येईल, अण्णा चौकशीला घरात येतील, म्हणून ती व्हायलाच हवी होती. आईनं पपांना बजावलं, “उद्या प्रार्थना डेविडभाऊ करतील. तुम्ही तोंड उघडायचं नाही.” पपांनी मान हलवली. हलवली होती, मी पाहिलं.

रविवारी अण्णा आले ते नेहमीसारखेच, ट्रे घेऊन. पण चेहरा ओढलेला. “एक बाई पळाली पोल्ट्रीवरची,” पायरीवर चपला काढता काढता ते म्हणाले. “सकाळपासून गाडी फिरतेय. ह्या लोकांचं कितीबी करा.” आई ट्रे घेऊन आत गेली. मी पेटीचा भाता ओढला आणि जे सुरू केलं ते सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचं गाणं. आतल्या दाराला पडदा होता, आणि पडद्याच्या मागं ते मूल खोकत होतं. खोकला आला की मी सूर वाढवायची. काकू मंडळींना काहीच ठाऊक नव्हतं, पण माझा जोर बघून त्यांनाही चेव आला आणि ओटी दणाणून गेली. अण्णांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, घाई करू नको असं. मी मान वळवली.

डेविडकाकांनी शास्त्रपाठ वाचला आणि ते सवयीनं पपांकडं बघून म्हणाले, “आता शांतवनभाऊ प्रार्थनेत चालवतील.” त्यांना सांगायचं राहूनच गेलं होतं. आईनं पडद्यामागून पाहिलं. सगळ्यांनी डोळे मिटले होते, पपांनीसुद्धा. मी मिटले नाहीत. पपांनी आभार मानले, आजाऱ्यांची नावं घेतली, सगळं ठीक चाललं होतं, आणि मग ते अण्णांच्या नावावर आले. “हे प्रेमळ पित्या, आमचा भाऊ वसंत याच्यासाठी मी तुझ्या पाया पडतो. जे छळ करतात त्यांच्यासाठी मागा असं तू सांगितलंस, म्हणून मागतो. आपण काय करतो हे त्याला समजत नाही, प्रभू. ते गेट, ते कुलूप, त्याला दिसत नाही. आणि ही लेकरू घेऊन तुझ्या दारी आलेली जानी, आत्ता या पडद्यामागं...”

“आमेन!” आई ओरडली. मंडळींनीही दचकून आमेन म्हटलं. पपांनी डोळे उघडले, आणि आपण काय बोलून बसलो हे त्यांना सगळ्यांचे चेहरे बघून कळलं. माणूस देवाशी बोलायला लागला की बाजूला कोण बसलंय हे विसरतो. आमच्या लोकांच्यात हा गुण समजतात.

अण्णांनी ढोलकी हळूच बाजूला ठेवली. ते चिडले नाहीत, हसलेच. “वा, शांतवनराव. माज्याच घरात?” मग उठून उभे राहिले. “जानी, चल गं. गाडी हाय भायेर. पोराला आपन डॉक्टरकडं नेऊ. लहू तितं जेवला नाय कालपासून तुज्यापायी.” पडदा हलला. आई दारात आडवी उभी राहिली. “सिस्टर, तुमी मदी पडू नका. माजी मानसं हायेत ती. तुमाला घर खाली करायचंय का उद्या?” पपा गुडघ्यांवरच होते, त्यांना उठायचं सुचलं नव्हतं. ते म्हणाले, “अण्णा, मी तुमच्यासाठी मागत होतो हो.” आणि ते खरंच रडायला लागले.

तेव्हा जानी बाहेर आली. आईच्या दंडाखालून वाकून, पदर खोचलेला. अण्णांकडं तिनं बघितलंच नाही. ती पपांना म्हणाली, “दादा, ह्याच्यासाटी एवडं मागतोस. आन् माज्या लहूसाटी कोन मागनार?”

पपांनी मान खाली घातली. मला त्या क्षणी पपांचा राग आला, अण्णांपेक्षाही जास्त, आणि लाजही वाटली. आईनं मात्र वेळ घालवला नाही. “देवाजवळ मागायचं ते ह्यांनी मागितलं,” ती म्हणाली. “जे माणसाजवळ मागायचं ते मी मागते. अण्णा, किल्ली द्या.” आणि तिनं हात पुढं केला, दवाखान्यात पेशंटकडून केसपेपर मागायची तसा.

अण्णांनी इकडंतिकडं पाहिलं. डेविडकाका काठी टेकत उठले. “चला, मीही येतो पाय मोकळे करायला.” मग नेरळच्या दोघी नर्स उठल्या, मग खोपोलीचे मास्तर. समोरची म्हातारी दारात येऊन उभी राहिली होती आणि तिच्या मागं तिची सून. अण्णा गावात मान असलेलं माणूस. पुढच्या वर्षी पंचायतीला उभं राहायचं त्यांच्या मनात होतं. ते सगळ्यांवर एकदा नजर फिरवून म्हणाले, “चला मग. बगा तुमीच, कोन कोनाला डांबलंय ते.”

बाळ एका काकूंजवळ ठेवून आम्ही निघालो. दिवस मावळत होता. शेतात भाताचे कापलेले बुडखे, त्यातून पायवाट, पुढं अण्णा, मागं आम्ही सगळे रविवारच्या कपड्यांत. वास आधी आला, मग शेड दिसली. आता तिथं मोठमोठे टॉवर झालेत, खाली पोहण्याचा तलाव आहे आणि गेटवर वर्दीतला माणूस. मी तिथून रिक्षानं जाते तेव्हा नाक आपोआप धरते आणि मग माझंच मला हसू येतं.

अण्णांनी कुलूप काढलं. लहू आत उभाच होता, हातात बादली. जानीला बघून त्यानं बादली खाली ठेवली, पण पाऊल उचललं नाही. गेट उघडं, बायको समोर, आणि तो अण्णांकडं बघून म्हणाला, “अण्णा, जाऊ का?” इतक्या वर्षांनीही ते तीन शब्द माझ्या कानांतून गेले नाहीत. जानी पुढं झाली, त्याच्या मनगटाला धरलं आणि त्याला ओढतच बाहेर आणलं. “त्याला काय इचारतोस रं? माज्याकडं बग.”

आम्ही वळलो तर मागून अण्णांचा आवाज आला. आता त्यात हसू नव्हतं. परवाच नव्या शेडमध्ये पिल्लांची बॅच टाकली होती. थंडीत शेगड्या विझल्या तर पिल्लं ऊब शोधत एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. रात्रभर कुणीतरी शेगड्या बघायला हव्यात, पाणी भरायला हवं. “एकट्यानं कसं व्हायचं?” ते म्हणाले, कुणाला उद्देशून तेही कळलं नाही. जानी थांबली नाही. मी मनात म्हटलं, मरू देत सगळी. आणि पपांनी स्वेटर काढून माझ्या हातात दिला. “तुम्ही व्हा पुढं,” ते आईला म्हणाले. “मी थांबतो. त्यांना एकट्याला जमायचं नाही.”

आई त्यांच्याकडं वळली. “तुम्हाला काही कळतं का हो?” एवढंच म्हणाली आणि तरातरा चालायला लागली. घरी येऊन तिनं सगळ्यांना जेवायला वाढलं, जानी-लहूला आतल्या खोलीत झोपवलं, आणि माझ्याशी एक शब्दही बोलली नाही, जणू पोल्ट्रीत मीच थांबले होते.

जबाब झाला, सही-अंगठा झाला, पुढं कचेरीनं काय केलं ते कचेरीच जाणे. जानी, लहू आणि बरं झालेलं बाळ तिच्या भावाच्या वाडीवर गेले. अण्णांनी शेडला खिडक्या पाडल्या असं कानावर आलं, आणि आम्हाला महिनाअखेर घर खाली करायला लावलं. आम्ही नेरळला गेलो. पंचायतीला ते निवडून आले. लोक विचारतात, मग तुझ्या वडिलांच्या प्रार्थनेनं अण्णा बदलले का? मला याचं सरळ उत्तर देता येत नाही. खिडक्याही खऱ्या आणि नोटीसही खरी.

पण मला सांगायचंय ते सोमवारच्या सकाळचं. पपा उजाडता उजाडता आले. डोळे लालभडक, कपड्यांना तूस चिकटलेला, आणि तो वास. पायरीवरच बसले. आई भाकरी थापत होती, ती उठली नाही. मी पाण्याचा तांब्या दिला. पपा सारखे खोकत होते.

“जुन्या शेडमध्ये जरा पाठ टेकली आम्ही,” ते आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले. “त्या आडोशात. अण्णांना बसवेना. उठून बाहेर गेले, ओकले. मग मला विचारतात, ‘ही मानसं हितंच निजायची?’” पपांनी तांब्या खाली ठेवला. “बघ, मी म्हणत नव्हतो? त्यांना कळतच नव्हतं. म्हणून तर मागायचं त्यांच्यासाठी. त्यांना समजत नव्हतं.”

आईचा हात परातीत थांबला. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पीठ झाडलं आणि बाहेर येऊन पपांच्या समोर बसली. रागावलेली नव्हती. रात्रभर जागी होती हे मात्र डोळ्यांवरून दिसत होतं.

“न कळता कुणी कुलूप लावत नाही,” ती म्हणाली. “त्यांना कळत होतं. वास सगळ्या गावाला यायचा. नाही कळलं म्हणून माफ करणं सोपं असतं हो. तेवढं तर आपण लहान पोरालाही करतो.”

आतून बाळाचा आवाज आला, पण आता त्यात घरघर नव्हती, भूक होती. आईनं डोक्यावरून पदर घेतला. पपांनी सवयीनं हात जोडले, पण आईनं त्यांना खुणेनं गप्प केलं आणि स्वतः डोळे मिटले.

“देवा, वसंताला सगळं कळत होतं. तरी त्याला क्षमा कर. तू कर, मला अजून जमत नाही.”

मागं तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. मी आमेन म्हटलं, आणि भाकरी उलटायला धावले.